प्रशिक्षणाला चाललात की परिषदेला?

"काय शिकवलं मग तिकडे?" कोकणकन्येने रात्र काढून पहाटे रत्नागिरीला उतरलो, आंघोळ उरकून शाळेत पोचलो, तर संस्थेच्या सचिवांचा पहिला प्रश्न हा. काहीच शिकवलं नाही, हे खरं उत्तर होतं. पण तसं बोललो असतो तर प्रवासखर्चाचं बिल लटकलं असतं.

शालेय नेतृत्वाच्या परिषदेला जाऊन आलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं, कारण आपल्याकडे चार भिंतींत शिक्षक जमले की ते प्रशिक्षणच. प्रशिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. गटसाधन केंद्र, दोन वेळा सही, चार्टपेपरवर गटकार्य, शेवटी प्रमाणपत्र. मी पूर्वी अनुदानित शाळेत होतो. तिथे 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी, दोन्हींची वाट प्रशिक्षणातूनच जाते. मी त्याला नावं ठेवत नाही. नवी मूल्यमापन पद्धत समजून घ्यायची तर प्रशिक्षणच हवं.

परिषद वरून तशीच दिसते. तोच फलक, तेच दीपप्रज्वलन, तीच लांबलेली मनोगतं. एकाच वेळी तीन दालनांत सत्रं चालतात आणि हजेरी कोणी घेत नाही, हे फरक किरकोळ.

खरी मेख वेगळी आहे: प्रश्न कोणाचा? प्रशिक्षणात प्रश्न वरून ठरून येतो आणि उत्तरही सोबत येतं. परिषदेला प्रश्न आपण घरून न्यायचा असतो. पहिल्या खेपेला मी रिकाम्या हाताने गेलो, पहिल्या रांगेत बसून वही भरली, आणि ती वही पुन्हा उघडली नाही.

दुसऱ्या खेपेला एकच प्रश्न नेला. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. त्यांची मुलं हंगामात वर्गात बसतात आणि जूनला पाहावं तर बाक रिकामा. त्यातला एक मुलगा मराठीचा धडा घडाघडा वाचायचा. बाई खूश. मी त्याला विचारलं, "विहीर म्हणजे काय?" तो नुसता हसला. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. अक्षरं त्याची होती, शब्द आमचे.

याचं उत्तर व्यासपीठावरून नाही, चहाच्या रांगेत मिळालं. ऊसपट्ट्यातल्या एका मुख्याध्यापिकेकडे तोडणी कामगारांची मुलं अशीच येतात-जातात. त्या प्रत्येक मुलाची एक पातळ वही ठेवतात, काय येतं, काय अडतं याची, आणि जाताना ती मुलाच्याच दप्तरात घालतात. पुढच्या शाळेला निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं. आम्ही तेच उचललं. वहीत वाचन आणि समज असे दोन रकाने मात्र वेगळे केले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तेव्हापासून घोळ वाढलाय: गेलो, बसलो, तास भरले! तास प्रशिक्षणाचे मोजावेत. परिषदेचे मोजून हाती काही लागत नाही.

आमच्यासारख्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांना हा फरक जास्त झोंबतो. 2012 च्या कायद्याखाली निघालेल्या या शाळांना अनुदान नाही, म्हणजे परिषदेचं शुल्क शेवटी पालकांच्या फीमधूनच जातं. तरी संस्था 'यंदा पाळी कोणाची' म्हणून माणूस पाठवतात. ज्याला परत आल्यावर वेळापत्रकातला एक तासही हलवता येत नाही, तो तिथे जाऊन करणार काय? माझ्या मते मुख्याध्यापक आणि एक शिक्षक असे दोघे जावेत आणि दोघांनी वेगवेगळ्या दालनांत बसावं. शेजारी-शेजारी बसून एकाच पडद्याचे फोटो काढणाऱ्या जोड्या बघितल्या की मला वैताग येतो.

यंदा निघण्याआधीच माझा प्रश्न कागदावर लिहून सचिवांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी कागद परत आला. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'पावसात घाटातली बस बंद पडते तेव्हा बाकीच्या शाळा काय करतात, तेही विचारा.'