"तो तसलाच" आणि "ते लोक तसलेच": या दोन चुका एक नव्हेत

सायकॉलॉजीत फंडामेंटल अॅट्रिब्युशन एरर आणि अल्टिमेट अॅट्रिब्युशन एरर अशा दोन चुका सांगतात, नावं सख्ख्या भावांसारखी असल्यानं बरेच जण दोन्ही एकच धरतात, मीपण धरायचो. खरं बेळगाव, खानापूर, निपाणीकडं राहणाऱ्याला यातला फरक कळायलाच पाहिजे.

पहिली चूक अशी. बसमध्ये कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून खेकसला की आपण म्हणतो, माणूसच खडूस. त्याची पहाटेपासूनची ड्युटी, खच्चून भरलेली गाडी, सगळ्यांनी पुढं केलेल्या पाचशेच्या नोटा, हे डोक्यातच येत नाही. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूनं किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले, लिहिणाऱ्याला बाजू ठरवून दिली होती असं सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की ह्याचं मत थोडंफार तसंच असणार. नाव पडलं १९७७ मध्ये, ली रॉसनं दिलं.

दुसरी चूक थॉमस पेटिग्र्यूनं १९७९ मध्ये मांडली आणि ती आपल्या जास्त जवळची आहे. तोच कंडक्टर कन्नड बोलणारा असला की "हे लोक असलेच". मराठी असला तर "बिचाऱ्याला लय ताण असतोय". म्हणजे बघा, इथं परिस्थिती विसरली जात नाही, ती फक्त आपल्या माणसासाठी आठवते! आणि समोरच्या गटातल्या कुणी चांगलं केलं की तीच परिस्थिती उलटी वापरतात: हा एकटाच अपवाद, नाहीतर नशीब, नाहीतर मुद्दाम जास्त जोर लावला, नाहीतर वेळच तशी होती. कन्नड बोलणारेही आपल्याबद्दल हेच करतात, यात कुणी सुटलेलं नाही.

टेलर आणि जग्गी यांचा १९७४ चा अभ्यास तर दक्षिण भारतातलाच. हिंदू क्लार्कना दुकानदार, पावसात आसरा देणारा माणूस असे साधे प्रसंग दिले, कधी माणूस हिंदू तर कधी मुसलमान. आपल्यातल्यानं चांगलं वागलं तर स्वभाव चांगला, दुसऱ्यानं चांगलं वागलं तर कारण बाहेरचं.

आणखी एक गोष्ट, पहिली चूकसुद्धा सगळीकडं सारखी नसते. जोन मिलरनं १९८४ मध्ये म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांची तुलना केली, लहान मुलांत फारसा फरक नव्हता, खरं मोठी माणसं बघितली तर अमेरिकन लोक स्वभावावर जास्त बोट ठेवायचे आणि म्हैसूरचे लोक परिस्थितीवर. म्हणून मला वाटतं आपल्याकडं जास्त घातक दुसरीच, कारण परिस्थिती बघायची सवय आपल्याला आहे, ती आपण वाटून वापरतो.

ओळखायला मी एकच करतो, वाक्यातल्या माणसाची भाषा बदलून बघतो. मत तेच राहिलं तर पहिली चूक, बदललं तर दुसरी.

मागच्या पावसाळ्यात गोगटे सर्कलजवळ माझी गाडी घसरली, एका कन्नड माणसानं उचललं आणि अनगोळपर्यंत घरी सोडलं. आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याचा रस्ता तोच होता म्हणून सोडलं. तो राहायला सदाशिव नगरात, पार उलट्या बाजूला, हे वाटेत त्यानं मला सांगितलेलं होतं.