आत्याच्या पाकातलं लिंबू

इंदुरात आमच्या आत्याकडे जिलबीचा पाक उकळू लागला की त्यात लिंबू पिळलं जातं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पाकाची परत साखर होऊ नये म्हणून.’ आत्याचं बरोबर आहे. आम्लामुळे साखरेचा रेणू पाण्याशी संयोग होऊन फुटतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, आणि त्या मिश्रणात खडे सहजी धरत नाहीत.

रासायनिक अभिक्रियेचा वेग सुरुवातीला ज्या प्रयोगात नीट मोजला गेला, तो याच अभिक्रियेचा. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञानं तो केला. ध्रुवित प्रकाश म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश. साखरेचं पाणी त्याच्या कंपनाची दिशा उजवीकडे वळवतं, फुटलेल्या साखरेचं पाणी डावीकडे. प्रकाश किती वळला ते पाहायचं, की किती साखर उरली ते कळलं! विल्हेल्मीला आढळलं की जेवढी साखर शिल्लक, तेवढा वेग. समजा, शंभर ग्रॅमची पन्नास व्हायला तास लागला, तर पन्नासाची पंचवीस व्हायलाही तासच लागेल.

असं का, ते इंदूरच्या सराफ्यात कळतं. दिवसा तो दागिन्यांचा बाजार, रात्री खाण्याच्या गाड्यांचा. दागिन्यांची दुकानं मिटत असतात तेव्हा खांद्याला खांदा लागत नाही. रात्री अकराला गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाड्यापाशी पाऊल टाकलं की धक्का. रेणूंचंही तसंच. दाटी जास्त, टकरा जास्त. अर्थात प्रत्येक टकरीतून काही घडत नाही. ती पुरेशी जोरात आणि नेमक्या बाजूनं व्हावी लागते.

आम्ल मात्र यात खर्च होत नाही, ते उत्प्रेरक. तरी वेग त्याच्याही दाटीवर ठरतो: आम्लातून पाण्यात सुटणारे हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) दुप्पट झाले की वेग साधारण दुप्पट. (म्हणून लिंबू दुप्पट पिळून भागत नाही. सायट्रिक आम्ल दुबळं, त्याचे आयन त्या हिशेबात वाढत नाहीत.)

पाक आटू लागला की पाणी उडून जातं, आम्ल तेवढंच राहतं, म्हणजे दाट होतं. शिवाय दाट पाक उकळतोही जास्त तापमानाला. त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत साखर भराभर फुटते. गप्पांच्या नादात पाक विस्तवावर राहिला, तर फुटलेली साखर प्रमाणाबाहेर जाते. ती हवेतली ओल ओढते. मग जिलबी कुरकुरीत राहत नाही, बोटांना चिकटते, आणि आत्या म्हणते, ‘लिंबू जास्त झालं वाटतं.’


लिंबू तेवढंच होतं.