मधुमेहातील काचबिंदू: दोन आजारांची गाठ कशी उलगडत गेली

मधुमेह असलेल्यांना काचबिंदूचा, म्हणजे बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) खराब होण्याचा, धोका कितपत, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण काचबिंदू या एकाच नावाखाली किमान दोन वेगळ्या वाटांनी येणारा आजार दडलेला आहे.

हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, प्रथमच नीट दिसू लागले. काही वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील बदलांचे वर्णन केले. त्यांचा मधुमेहाशी कार्यकारण संबंध आहे, हे मान्य करायला मात्र बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ तयार नव्हता. गंमत अशी की काचबिंदूवरील पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया, परितारिकेचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) छोटा तुकडा कापून काढण्याची, याच ग्रेफने १८५७ मध्ये मांडली. दोन्ही आजार एकाच माणसाच्या टेबलावर होते, तरी त्यांचा सांधा जुळायला बराच काळ जावा लागला.

त्यामागे एक कटू कारण होते. इन्सुलिनपूर्वी तरुण मधुमेही फार काळ जगतच नसत. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले आणि त्यानंतर रुग्ण दशकानुदशके जगू लागले, तेव्हा कुठे मूत्रपिंडांचे आणि डोळ्यांचे उशिरा उमटणारे विकार मोठ्या संख्येने समोर आले. परितारिकेवर नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचे मधुमेही रुग्णांमधील वर्णनही त्याच दशकातले, १९२८ चे.

हीच ती पहिली वाट. साखरेने सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात, प्राणवायूला मुकलेले दृष्टिपटल नव्या वाहिन्या फुटाव्यात असा रासायनिक इशारा देते आणि तो इशारा डोळ्याच्या पुढील भागापर्यंत पोहोचतो. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बाहुलीच्या कडेला केसाहून बारीक, वेड्यावाकड्या लाल रेषा दिसतात. त्या पसरत जाऊन डोळ्यातील पाण्याचा निचरा होणारा कोन बुजवतात, दाब चढतो, डोळा लाल होतो, ठणकतो. अशा अवस्थेत दाब उतरवणाऱ्या नुसत्या थेंबांनी भागत नाही. मुळाशी दृष्टिपटल आहे, म्हणून प्रतिबंधही तिथेच करावा लागतो.

त्याची सुरुवात जर्मनीतील मायर-श्विकेराथ यांच्यापासून झाली. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे दृष्टिपटल भाजलेला रुग्ण त्यांनी १९४५ मध्ये पाहिला आणि तोच चटका उपचारासाठी वापरता येईल, असा विचार केला. पुढे लेझर आले आणि अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवले की, वेळीच दिलेल्या प्रकाशउपचाराने दृष्टी गंभीररीत्या जाण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते. साखरेच्या नियंत्रणाचा पुरावा १९९३ मध्ये आला: टाइप १ मधुमेहात काटेकोर नियंत्रणाने दृष्टिपटलाचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र साखर झपाट्याने खाली आणल्यास सुरुवातीला काहींचे दृष्टिपटल बिघडते, हेही त्याच अभ्यासात दिसले, म्हणून औषधे वाढवण्याआधी डोळे तपासून घेणे शहाणपणाचे.

दुसरी वाट म्हणजे नेहमीचा, खुल्या कोनाचा काचबिंदू, ज्यात निचऱ्याचा कोन बुजलेला नसतो. येथे पुरावा डळमळीत राहिला. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील पाहणीत १९९५ मध्ये मधुमेहाशी संबंध आढळला नाही. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडल्यावर मात्र धोका सुमारे दीडपट दिसला. मधुमेह्यांचे डोळे अधिक वेळा तपासले जातात, त्यामुळेही काही निदाने वाढत असावीत. दृष्टिपटलाची सूज उतरवण्यासाठी डोळ्यात दिलेल्या स्टेरॉइडने दाब वाढतो, ही तिसरी आडवाटही विसरता येत नाही. मेडिकलमधून स्वतःहून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर त्याहून वाईट.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असा समज घट्ट आहे आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धुरकट दिसते म्हणून तपासणी टाळली जाते. टाइप २ मध्ये निदान होताच आणि नंतर साधारणपणे दरवर्षी दृष्टिपटल, डोळ्याचा दाब आणि दृष्टिचेता, तिन्ही पाहिली गेली पाहिजेत. गेल्या वीसेक वर्षांत नव्या वाहिन्या सुकवणारी इंजेक्शने आली, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. मधेच खंड पडल्यास विकार उसळतो, म्हणून तालुक्याहून दर महिन्याला येणे न जमणाऱ्या रुग्णासाठी अनेक डॉक्टर आजही जुन्या लेझरलाच पसंती देतात.