डिजिटल सज्जता मूल्यमापन
डिजिटल सज्जता मूल्यमापन : नवे डिजिटल तंत्रज्ञान स्वीकारून ते रोजच्या कामात टिकवण्याइतकी एखादी संस्था तयार आहे का, याची पद्धतशीर तपासणी. ती सहसा गुंतवणुकीच्या निर्णयाआधी होते. परिपक्वता-मापन याहून वेगळे. त्यात संस्थेने आजवर गाठलेला टप्पा ठरवतात. व्यवहारात मात्र दोन्हींसाठी पुष्कळदा एकच प्रश्नावली वापरली जाते.

या पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. माहितीप्रणालींचे अभ्यासक तो रिचर्ड नोलन यांच्या १९७३ च्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) पाहतात. संगणकविभागाच्या खर्चाचा वाढता आलेख पाहून नोलन यांनी संस्थेतील संगणकवापराच्या वाढीचे आधी चार टप्पे कल्पिले. १९७९ मध्ये ते सहा झाले. जॉन किंग व केनेथ क्रेमर यांनी १९८४ मध्ये त्याची कठोर चिकित्सा केली. दुसरा पक्ष गुणवत्ता-व्यवस्थापनाकडे बोट दाखवतो : फिलिप क्रॉस्बी यांची पाच पायऱ्यांची सारणी (१९७९) आणि तिचा प्रभाव असलेले, कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेचे क्षमता-परिपक्वता प्रतिमान (१९९१). त्याची पायाभरणी वॉट्स हम्फ्री यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केली. आजच्या अनेक प्रश्नावल्यांतील पाच पायऱ्या बहुधा येथूनच आल्या असाव्यात. सज्जतेची कल्पना मात्र संघटनात्मक बदलाच्या मानसशास्त्रातली मानणे अधिक सयुक्तिक दिसते. आर्मेनाकिस व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिचा संबंध कर्मचाऱ्यांच्या समजुतींशी जोडला : बदल गरजेचा आहे का आणि संस्थेला तो पेलेल का. ब्रायन वाइनर यांनी २००९ मध्ये बदलाची बांधिलकी व सामूहिक क्षमतेवरील विश्वास, असे तिचे दोन घटक मांडले.

तपासणीचे विषय सर्वपरिचित आहेत : नेतृत्व, कौशल्ये, विदा (डेटा), यंत्रणा, सुरक्षा, निधी. यंत्रनिर्मिती उद्योगासाठी जर्मनीत २०१५ मध्ये सज्जता-प्रतिमान तयार झाले, तर सिंगापूरमध्ये २०१७ साली सोळा परिमाणांचा, म्हणजे तपासणीच्या पैलूंचा, निर्देशांक तयार झाला. व्यक्तींची सज्जता मोजण्यासाठी ए. परशुरामन यांची छत्तीस विधानांची मापनश्रेणी (२०००) आहे. २०१५ मध्ये ती सोळा विधानांवर आणली गेली.

गुणांकनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सर्व परिमाणांची सरासरी काढली, की उत्तम संगणक-जाळे आणि विस्कळीत नोंदी असलेली संस्थाही मध्यम ठरते. प्रकल्प अडतो तो बहुधा त्या नोंदींपाशीच. म्हणून काही मूल्यमापक प्रत्येक परिमाणासाठी किमान गुण ठरवतात. उत्तरे फक्त वरिष्ठांकडून घेतली, तर गुण फुगण्याचा धोका असतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची उत्तरे वेगळी नोंदवून दोहोंतील तफावत पाहणे त्यापेक्षा उपयुक्त.