परफेक्ट गेम आणि नो-हिटर: बेसबॉलच्या दिनविशेषातला नेहमीचा घोळ

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या दिनविशेषासारखा बेसबॉलचाही एक दिनविशेष असतो: अमुक तारखेला अमुक पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) काय केले, याची वर्षानुवर्षे वाढत गेलेली यादी. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या या नोंदी वाचताना ‘नो-हिटर’ आणि ‘परफेक्ट गेम’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ती एकाच पराक्रमाची दोन नावे वाटली तर नवल नाही. घोळात भर म्हणजे प्रत्येक परफेक्ट गेम हा नो-हिटर असतोच, त्यामुळे एकाच सामन्याला दोन्ही नावे लावलेली आढळतात. नो-हिटर मात्र क्वचितच परफेक्ट असतो. २०२३चा हंगाम संपेपर्यंत मेजर लीगमध्ये तीनशेहून अधिक नो-हिटर झाले होते आणि परफेक्ट गेम अवघे २४.

सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट, म्हणजे एका संघाचे एकूण २७ आउट. परफेक्ट गेममध्ये २७ बॅटर येतात आणि २७ परत जातात. कोणीही, कोणत्याही मार्गाने, पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यापर्यंत, पोहोचत नाही. नो-हिटरची अट याहून बरीच सैल आहे. तिथे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे चेंडू मारून स्वबळावर गाठलेला बेस, मिळता कामा नये, एवढेच पाहिले जाते. पण बेसवर पोहोचायला हिटच लागते असे नाही. पिचरने स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध टप्प्याच्या, बाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटरने ते सोडले, तर त्याला ‘वॉक’ म्हणून पहिला बेस मिळतो. चेंडू अंगावर आदळला तरी मिळतो. आणि क्षेत्ररक्षकाच्या हातून चूक झाली तर ती ‘एरर’ म्हणून नोंदली जाते, हिट म्हणून नव्हे. क्रिकेटमध्येही एकेकाळी वाइड आणि नो-बॉलच्या धावा बोलरच्या खात्यावर पडत नसत, हे ज्यांना आठवते त्यांना नो-हिटरचा हिशेब चटकन उमगेल.

दोन्हींमधले अंतर किती बारीक असू शकते, हे फिलाडेल्फियाच्या रॉय हॅलडेने २०१० या एकाच वर्षात दाखवून दिले. २९ मे रोजी त्याने फ्लोरिडाविरुद्ध परफेक्ट गेम टाकला आणि ६ ऑक्टोबरला, प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत), सिनसिनाटीविरुद्ध नो-हिटर. दुसऱ्या सामन्यात त्याच्याकडून एकच बॅटर बेसवर गेला, तोही पाचव्या इनिंगमधल्या वॉकवर. तेच अंतर किती रुंद असू शकते, हे पाहायला १९३८ साली जावे लागते. सिनसिनाटीच्या जॉनी व्हँडर मीरने ११ जून आणि १५ जून असे लागोपाठ दोन सामन्यांत नो-हिटर टाकले, आणि हा विक्रम आजवर कोणाला गाठता आलेला नाही. पण त्यातल्या दुसऱ्या सामन्यात त्याने आठ वॉक दिले होते. हॅलडेचा ऑक्टोबरमधला सामना आणि व्हँडर मीरचा हा सामना एकाच नावाखाली नोंदले जातात, यावरून ते नाव किती ढोबळ आहे ते कळावे.

नो-हिटर टाकूनही सामना हरता येतो, ही गोष्ट ऐकणाऱ्याला बहुधा खोटी वाटते. २३ एप्रिल १९६४ रोजी ह्यूस्टनच्या केन जॉन्सनने सिनसिनाटीला नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही. नवव्या इनिंगमध्ये पीट रोझने चेंडू हलकेच ढकलला, तो उचलून पहिल्या बेसकडे फेकताना खुद्द जॉन्सनचाच नेम चुकला, आणि पुढे आणखी एका सहकाऱ्याच्या चुकीवर रोझ धाव पूर्ण करून गेला. निकाल ०-१. परफेक्ट गेम टाकणारा पिचर नऊ इनिंगच्या सामन्यात असा हरू शकत नाही, कारण धाव काढण्याआधी कोणीतरी बेसवर पोहोचावे लागते.

व्याख्या सदैव इतक्या काटेकोर नव्हत्या, आणि जुन्या याद्या व नव्या याद्या जुळत नाहीत त्याचे कारण तेच आहे. ४ सप्टेंबर १९९१ रोजी मेजर लीगच्या एका समितीने ठरवले की सामना किमान नऊ इनिंगचा असला पाहिजे आणि तो संपेपर्यंत एकही हिट झालेली नसली पाहिजे, तरच तो नो-हिटर. या एका निर्णयाने सुमारे ५० नोंदी यादीतून उतरल्या. त्यांतली सर्वांत चटका लावणारी नोंद पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सची. २६ मे १९५९ रोजी त्याने मिलवॉकीचे ३६ बॅटर ओळीने बाद केले, म्हणजे १२ इनिंग निर्दोष; पण त्याच्या स्वतःच्या संघालाही धाव काढता येत नव्हती, म्हणून सामना लांबत गेला. तेराव्या इनिंगमध्ये एका सहकाऱ्याची चूक झाली, नंतर जो अ‍ॅडकॉकची हिट बसली आणि हॅडिक्स हरला. परफेक्ट गेमला लागतात त्याहून नऊ बॅटर जास्त बाद करूनही त्याचे नाव आज दोन्ही याद्यांत नाही. नियम म्हणून हे बरोबर असेलही. न्याय म्हणून ते मला पटलेले नाही. जाता जाता, दिनविशेष वाचणाऱ्यांसाठी एक योगायोग: समितीच्या त्या निर्णयानंतर दोन वर्षांनी त्याच ४ सप्टेंबरला, जन्मतः उजवा पंजा नसलेल्या जिम अ‍ॅबटने न्यूयॉर्क यांकीजसाठी नो-हिटर टाकला, आणि पाच वॉक देऊनही तो यादीत निर्वेध बसला.

२३ जून १९१७च्या बोस्टनमधल्या सामन्याने तर अभ्यासकांनाही बरीच वर्षे कोड्यात टाकले. त्या दिवशी बोस्टनकडून पिचर म्हणून बेब रूथ उतरला होता. पहिल्याच बॅटरला त्याने वॉक दिला, अंपायरशी हुज्जत घातली, हात उगारला आणि तो मैदानाबाहेर काढला गेला. बदली आलेल्या अर्नी शोरसमोर पहिल्या बेसवरचा तो बॅटर दुसरा बेस चोरताना, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता पुढे धावताना, बाद झाला, आणि पुढचे २६ बॅटर शोरने ओळीने परत पाठवले. शोरच्या वाट्याला आलेल्या वेळेत कोणीही बेसवर पोहोचले नाही, म्हणून दीर्घकाळ तो परफेक्ट गेम मानला जाई. पण सामन्यात एक बॅटर बेसवर उभा राहिला होता हे नाकारता येत नाही, म्हणून आज तो रूथ आणि शोर यांचा सामायिक नो-हिटर म्हणून ओळखला जातो.

परफेक्ट गेम शेवटच्या क्षणी नो-हिटरवर उतरतो, तेव्हा दोष पिचरचा असेलच असे नाही. १८ जून २०१४ रोजी लॉस एंजेलिसच्या क्लेटन कर्शॉने १५ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि सातव्या इनिंगमधली शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची) एक चुकीची फेक सोडली तर कोणी बेसवर गेले नाही. २० जून २०१५ रोजी वॉशिंग्टनच्या मॅक्स शर्झरने २६ बॅटर ओळीने बाद केले आणि सत्ताविसाव्याच्या, म्हणजे पिट्सबर्गच्या होजे टबाटाच्या, कोपराला चेंडू लागला. टबाटाने कोपर मुद्दाम पुढे केले की काय, यावर पुढे बराच वाद झाला. पण दोघांच्याही पदरात नो-हिटर तरी पडला.

डेट्रॉइटच्या आर्मांडो गॅलारागाला तेवढेही मिळाले नाही. २ जून २०१० रोजी क्लीव्हलँडचे २६ बॅटर बाद झाले होते. सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्डने चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधोमध जमिनीलगत मारला. पहिल्या बेसवरचा मिगेल कब्रेरा उजवीकडे सरकला, त्याने चेंडू उचलला आणि पहिल्या बेसकडे धावत आलेल्या गॅलारागाकडे फेकला. चेंडू ग्लोव्हमध्ये, पाय बेसवर, डोनाल्ड अजून पाऊलभर मागे. आणि अंपायर जिम जॉइसने दोन्ही हात पसरून ‘सेफ’ दिले. गॅलारागा नुसता हसला, परत जाऊन पुढचा बॅटर त्याने बाद केला. सामना संपल्यावर चित्रफीत पाहून जॉइसने आपली चूक उघडपणे कबूल केली. दुसऱ्या दुपारी तोच होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या जागेमागे) उभा असताना गॅलारागाने संघाची यादी स्वतः त्याच्या हाती दिली, तेव्हा जॉइस डोळे पुसत होता.

या प्रसंगात दोन संज्ञांमधला फरक अगदी उघडा पडतो. गॅलारागाच्या हातून कब्रेराची फेक सुटली असती, तर डोनाल्ड एररवर बेसवर गेला असता, परफेक्ट गेम हुकला असता, पण नो-हिटर शाबूत राहिला असता. सगळ्यांनी आपापले काम बिनचूक केले म्हणून ती खेळी एरर ठरू शकत नव्हती, आणि अंपायरने बॅटरला नाबाद ठरवल्यामुळे तिची नोंद हिट अशीच करावी लागली. लीगचे तेव्हाचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय फिरवायला नकार दिला. पहिल्या बेसवरचे असे निर्णय चित्रफितीवरून तपासण्याची सोय मेजर लीगमध्ये २०१४च्या हंगामापासून झाली. २ जूनच्या नोंदीत गॅलारागाच्या नावापुढे ८८ चेंडू, २८ बॅटर आणि एक हिट आहे. त्याच महिन्याच्या २५ तारखेपुढे अ‍ॅरिझोनाच्या एडविन जॅक्सनचे नाव आहे: १४९ चेंडू, आठ वॉक, त्यांतले सात पहिल्या तीन इनिंगमध्येच, आणि शेजारी ‘नो-हिटर’.