मानसशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे मूल्यमापन

मानसशास्त्रात पदव्युत्तर किंवा डॉक्टरेटचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची अभ्यास, संशोधन आणि प्रत्यक्ष काम यांतील वाटचाल ठरावीक काळाने तपासण्याची पद्धत. परीक्षेतले गुण हा तिचा एक भाग, पण बहुधा सर्वांत कमी माहिती देणारा. इथवर पोचलेले बहुतेक जण लेखी परीक्षेत तरबेज असतातच. अशिलाचे, म्हणजे मदतीसाठी आलेल्या व्यक्तीचे, नीट ऐकून घेणे, चाचणीच्या निष्कर्षाचा अर्थ लावणे, आपल्याला काय जमत नाही हे वेळेवर ओळखणे, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

विद्यार्थी निवडतानाच चांगला मानसशास्त्रज्ञ हेरता येईल, अशी एके काळी आशा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या उपचारांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने हवे होते. त्यांच्या निवडीवर ई. लोवेल केली आणि डोनाल्ड फिस्के यांनी केलेला अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदोपत्री माहिती आणि वस्तुनिष्ठ चाचण्या यांच्यापुढे मुलाखती व प्रक्षेपण चाचण्यांनी (संदिग्ध चित्रे वगैरे दाखवून मिळालेल्या प्रतिसादावरून मनाचा अंदाज घेणाऱ्या) फारशी भर घातली नाही, आणि एकूण भाकितेही बेताचीच ठरली. माणसे मोजण्याचे शास्त्र आपलीच माणसे आधी ओळखू शकले नाही. त्यामुळे प्रवेशानंतरच्या तपासणीला महत्त्व येते.

काय तपासायचे, हे अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टावर ठरते. चिकित्सा मानसशास्त्राच्या शिक्षणावर अमेरिकेत भरलेल्या १९४९ च्या बोल्डर परिषदेने वैज्ञानिक आणि व्यावसायिक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत असाव्यात असे मानले. तिथल्याच १९७३ च्या व्हेल परिषदेने व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांना मान्यता दिली. संशोधनाच्या वाटेवर सर्वसमावेशक परीक्षा, प्रबंधाचा आराखडा आणि तोंडी परीक्षा हे टप्पे येतात. चिकित्सा व समुपदेशनाच्या शाखांत त्यांना क्षेत्रकार्य (शिकत असताना देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम) आणि इंटर्नशिपची जोड मिळते. पुढे अमेरिकेत भर क्षमतांवर आला, आणि क्षेत्रकार्य, इंटर्नशिप व स्वतंत्र व्यवसाय या तीन उंबरठ्यांवर विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे, याचे तपशीलवार निकष २००९ मध्ये मांडले गेले.

निकष लिहून काढणे त्यातल्या त्यात सोपे. अडचण ते लावणाऱ्या माणसापाशी येते. विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष कामावर देखरेख करणारा पर्यवेक्षक एकाच वेळी मार्गदर्शकही असतो आणि परीक्षकही. विद्यार्थ्याने आपल्या चुका मोकळेपणाने सांगाव्यात अशी त्याची अपेक्षा असते, आणि त्याच चुकांवरून शेरा लिहिण्याचे कामही त्याचेच. मग विद्यार्थी अशिलाबरोबरच्या सत्रातला अवघड भाग गाळून सांगतो. पर्यवेक्षकही नाते बिघडू नये म्हणून हात सैल सोडतो आणि सगळ्यांच नोंदी ‘उत्तम’च्या आसपास घोटाळत राहतात. एका गुणाच्या छापाने बाकीचे गुणही चढे दिसण्याचा ‘वलय परिणाम’ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवला होता. एकट्या स्वयंमूल्यमापनावरही विसंबता येत नाही : ज्यांना कमी येते तेच स्वतःला बरेच वर धरतात, असे डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांना १९९९ मध्ये आढळले. म्हणून सत्रांचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण पाहणे, एकाहून अधिक परीक्षक नेमणे आणि ‘संवेदनशील आहे’ऐवजी ‘अशील रडू लागल्यावर विषय बदलला’ अशी वर्तनाची नोंद करणे, हे उपाय योजले जातात. यांत शेवटचा सर्वांत स्वस्त, आणि सर्वाधिक टाळला जाणारा.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेनुसार अभिप्राय वेळेवर आणि नेमका असावा, त्याची पद्धत पर्यवेक्षणाच्या सुरुवातीलाच सांगितलेली असावी आणि मूल्यमापन प्रत्यक्ष कामगिरीवरच व्हावे. गंभीर उणीव आढळली तर सुधारणेचा लेखी आराखडा दिला जातो : कोणते वर्तन बदलायचे, किती मुदतीत, कोणाच्या देखरेखीखाली आणि न बदलल्यास पुढे काय. काही वेळा अभ्यासक्रम सोडायलाही सांगावे लागते. मिसूरी विद्यापीठातील एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये म्हटले, की शैक्षणिक कारणाने काढताना औपचारिक सुनावणीची गरज नाही. मात्र तिला आधी इशारे मिळाले होते आणि सात स्वतंत्र डॉक्टरांनी तिची क्षमता तपासली होती. विद्यापीठांचा नोंदी जपण्याचा आग्रह अशा प्रकरणांमुळे आणखी समजतो.

शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजीत ‘इम्पेअरमेंट’ हा शब्द रूढ होता. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात त्याला अपंगत्वाशी जोडलेला अर्थ असल्याने जाणकार तो टाळू लागले आणि ‘व्यावसायिक क्षमतेतील अडचण’ असे म्हणू लागले.