२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसत नाही

दर ऑगस्टमध्ये हा निरोप फिरतो: ‘२७ तारखेला आकाशात दोन चंद्र दिसतील.’ हे कधीही घडणार नाही.

मूळ गोष्ट २००३ ची. त्या २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर होता, सुमारे साठ हजार वर्षांतला सर्वांत जवळ. तरीही त्याचा आकाशात दिसणारा व्यास फक्त २५ आर्कसेकंद होता (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). चंद्राचा सुमारे १८०० असतो. ‘७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा दिसेल’ हे वाक्य खरं होतं. पुढे दुर्बीण गळली, वर्षही गळलं.

मंगळाची प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्या बरोबर मधे पृथ्वी येण्याची वेळ, साधारण २६ महिन्यांनी येते, त्यामुळे तारीख दर वेळी सरकते. वहीत १९ फेब्रुवारी २०२७ ची प्रतियुती लिहून ठेवा. तेव्हा मंगळ लहानच, जेमतेम १४ आर्कसेकंदांचा असेल. खरी मोठी संधी सप्टेंबर २०३५ मध्ये आहे.

९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला १२ मिलिमीटरची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) लावली की ७५ पट मिळते. फेब्रुवारीत १५० पट लावून पाहा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, नाहीतर नळीतल्या उबदार हवेने बिंब थरथरतं. मंगळ क्षितिजाजवळ असतानाही तसंच होतं, म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास, तो सर्वांत उंच असताना बघा. घाई करू नका. ध्रुवावरची बर्फाची पांढरी टोपी आणि गडद डाग नजर स्थिरावल्यावरच दिसू लागतात.

ऑगस्टमध्ये काही पाहायचंच असेल, तर १२-१३ तारखेच्या पहाटेचा ययाति (पर्सिड) उल्कावर्षाव गाठा.